रिनुस मिखेल्स : शिस्तीच्या पायावर मुक्त खेळ उभारणारा डच प्रशिक्षक

जागतिक फुटबॉल महासंघाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम प्रशिक्षकाची निवड केली, तेव्हा तो मान नेदरलँड्सच्या रिनुस मिखेल्स यांना मिळाला. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली देशाला विश्वचषक एकदाही जिंकता आला नाही, अशा प्रशिक्षकाला हा बहुमान मिळावा, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण त्यांच्या कारकिर्दीकडे बारकाईने पाहिले की या निवडीमागचे कारण उलगडते. फुटबॉल कसा खेळावा याविषयीची रूढ समजूतच त्यांनी बदलून टाकली. ‘टोटल फुटबॉल’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची शैली म्हटली की मुक्त, प्रवाही आणि आनंददायी खेळ डोळ्यांसमोर येतो. ती शैली घडवणारा माणूस मात्र कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध होता. त्यांना ‘जनरल’ म्हटले जाई. खेळातील स्वातंत्र्य आणि प्रशिक्षकाची करडी शिस्त यांची सांगड त्यांनी कशी घातली आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, हाच त्यांच्या जीवनकथेचा गाभा आहे.

मारिनुस याकोबुस हेंद्रिकुस मिखेल्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२८ रोजी अॅमस्टरडॅम येथे झाला. त्याच वर्षी या शहरात ऑलिंपिक स्पर्धा भरली. मे महिन्यात तेथील ऑलिंपिक स्टेडियमवर भारतीय हॉकी संघाने यजमान नेदरलँड्सला ३-० असे हरवून आपले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. याच स्टेडियमच्या परिसरात मिखेल्स लहानाचे मोठे झाले. नवव्या वाढदिवसाला त्यांना आयाक्स क्लबचा गणवेश आणि फुटबॉलचे बूट भेट मिळाले. १९४० मध्ये ते क्लबच्या कुमार विभागाचे सदस्य झाले. त्याच वर्षी जर्मन सैन्याने नेदरलँड्स व्यापला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नटंचाईने हजारो माणसे दगावली. त्या काळात खेळ जवळजवळ ठप्पच झाला होता. मिखेल्स यांच्या उमेदीच्या वयातील महत्त्वाची वर्षे युद्धाने अशी हिरावून घेतली.

युद्ध संपले आणि जून १९४६ मध्ये एका जखमी खेळाडूच्या जागी त्यांना आयाक्सच्या मुख्य संघात स्थान मिळाले. हेगच्या एडीओ संघाविरुद्धचा तो सामना आयाक्सने ८-३ असा जिंकला. त्यांतील पाच गोल अठरा वर्षांच्या मिखेल्स यांचे होते. उंच, धिप्पाड आणि हेडरमध्ये वाकबगार असा हा मध्य आघाडीपटू पुढे बारा वर्षे आयाक्सकडून खेळला. राष्ट्रीय साखळीतील २६४ सामन्यांत त्यांनी १२२ गोल केले आणि १९४७ व १९५७ या दोन वर्षी संघासह विजेतेपद मिळवले. तरीही ते विलक्षण कौशल्याचे खेळाडू म्हणून ओळखले गेले नाहीत. अंगमेहनत, जिद्द आणि संघासाठी झिजण्याची तयारी हेच त्यांचे भांडवल होते. आयाक्सला दीर्घकाळ घडवणारे इंग्लिश प्रशिक्षक जॅक रेनल्ड्स यांच्या हाताखाली सुरुवातीला खेळायला मिळाल्याने चेंडू ताब्यात ठेवून आक्रमण करण्याचे संस्कार त्यांच्यावर झाले.

राष्ट्रीय संघातला अनुभव मात्र कडवट होता. १९५० ते १९५४ या काळात मिखेल्स नेदरलँड्सकडून पाच सामने खेळले आणि पाचही सामन्यांत संघ पराभूत झाला. त्या वेळी डच फुटबॉल युरोपात मागासलेले मानले जाई. खेळाडूंना मानधन देण्यास संघटनेचा विरोध होता. त्यामुळे गुणी खेळाडू परदेशी क्लबांची वाट धरत. १९५४ मध्ये व्यावसायिकतेचा स्वीकार झाला, तरी बहुतेक खेळाडू नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी सरावाला येत. आपला देश का हरतो, या प्रश्नाचे उत्तर मिखेल्स यांना प्रत्यक्ष मैदानावर मिळाले होते. पाठीच्या दुखण्यामुळे १९५८ मध्ये त्यांना खेळातून निवृत्त व्हावे लागले.

त्यानंतरची काही वर्षे प्रसिद्धीपासून दूर गेली. मिखेल्स यांनी शारीरिक शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेत व्यायामशिक्षक म्हणून काम केले. त्याच सुमारास ते अॅमस्टरडॅममधील हौशी संघांना मार्गदर्शनही करत होते. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांची जी ख्याती झाली, तिची पायाभरणी या काळात झाली. मोजके बोलणे, सूचना स्पष्ट देणे आणि एकच हालचाल अचूक होईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेणे ही त्यांची पद्धत मुळात शिक्षकाची होती.

जानेवारी १९६५ मध्ये आयाक्सने इंग्लिश प्रशिक्षक व्हिक बकिंगहॅम यांच्या जागी मिखेल्स यांची नेमणूक केली. संघ तेव्हा तळाच्या संघांत चाचपडत होता आणि खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याची भीती होती. नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच सामन्यात आयाक्सने मास्ट्रिख्टच्या संघाचा ९-३ असा धुव्वा उडवला. त्या हंगामात संघ तेराव्या क्रमांकावर राहिला, पण श्रेणी टिकली. पुढच्याच हंगामात, म्हणजे १९६६ मध्ये, आयाक्स राष्ट्रीय विजेता झाला. १९६७, १९६८ आणि १९७० मध्येही हे यश त्यांनी पुन्हा मिळवले.

हा बदल एका रात्रीत झाला नव्हता. मिखेल्स यांनी खेळाडूंना पूर्णवेळ व्यावसायिक करण्याचा आग्रह धरला, सरावाचे तास वाढवले, तंदुरुस्तीचे निकष कडक केले आणि बेशिस्तीसाठी दंड ठेवला. संघात असामान्य गुणवत्तेचा एक किशोरवयीन खेळाडू होता. त्याचे नाव योहान क्रायफ. आयाक्सच्या मैदानाजवळच्या कामगार वस्तीत वाढलेला, बालपणीच वडिलांना मुकलेला आणि क्लबमध्ये साफसफाईचे काम करणाऱ्या आईचा हा मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत आयाक्सच्याच बेसबॉल विभागात कॅचर म्हणून खेळत असे. संपूर्ण मैदानावर नजर ठेवून चेंडू येण्याआधीच पुढची चाल ठरवण्याची सवय आपल्याला त्या खेळाने लावली, असे तो पुढे सांगत असे. मिखेल्स यांनी या कृश मुलाची शारीरिक ताकद पद्धतशीरपणे वाढवली आणि त्याच्या डोक्यातील नकाशा सगळ्या संघाचा केला. १९७० मध्ये आयाक्समध्ये आलेला योहान नीस्केन्सही कुमारवयात बेसबॉलमध्ये चमकला होता. या दोघांभोवती पुढे डच फुटबॉलचा सुवर्णकाळ उभा राहिला.

आयाक्सकडे युरोपचे लक्ष प्रथम वेधले ते ७ डिसेंबर १९६६ रोजी. अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर दाट धुक्यात झालेल्या सामन्यात आयाक्सने बलाढ्य लिव्हरपूलला ५-१ असे हरवले. धुके इतके होते की बऱ्याच प्रेक्षकांना गोल दिसलेच नाहीत. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी साधून आयाक्सने तो विजय योगायोगाचा नव्हता हे सिद्ध केले. परंतु पुढच्याच फेरीत, १९६७ च्या मार्चमध्ये, प्रागच्या दुक्ला संघाने आयाक्सला बाहेर काढले. निर्णायक गोल आयाक्सचा कर्णधार फ्रित्स सुतेकाऊ याच्याकडून झालेला स्वयंगोल होता. त्यानंतर त्याला मिखेल्स यांच्या संघात स्थान राहिले नाही. एका चुकीपायी कर्णधाराला गमवावे लागलेले स्थान पाहून प्रशिक्षकाच्या कठोरतेची संघाला पुरती जाणीव झाली.

त्याच काळात युगोस्लाव्हियाचा अनुभवी बचावपटू वेलिबोर वासोविच आयाक्समध्ये आला आणि संघाच्या बचावाला खंबीर आधार मिळाला. १९६९ मध्ये आयाक्सने युरोपियन चषकाची अंतिम फेरी गाठली. माद्रिदमधील त्या सामन्यात एसी मिलानने त्यांना ४-१ असे नमवले. पुढच्या वर्षी रॉटरडॅमचा फेयेनूर्ड हा युरोपियन चषक जिंकणारा पहिला डच क्लब ठरला. प्रतिस्पर्धी क्लबच्या या यशातून मिखेल्स यांनी धडा घेतला. चार आघाडीपटूंच्या रचनेत मधली फळी तोकडी पडते, हे ओळखून त्यांनी चार बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि तीन आघाडीपटू अशी मांडणी स्वीकारली. जे खेळाडू या मांडणीत बसत नव्हते, त्यांच्या जागी नवे आणले. २ जून १९७१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ग्रीसच्या पानाथिनाइकोसला २-० असे हरवून आयाक्सने युरोपियन चषक उंचावला.

टोटल फुटबॉल म्हणतात ते याच वर्षांत आकाराला आले. त्यामागील तत्त्व थोडक्यात असे सांगता येईल. संघातील कोणीही खेळाडू एकाच जागेला जखडलेला नाही. बचावपटू आक्रमणासाठी पुढे धावला, तर मध्यरक्षक किंवा आघाडीपटू त्याची जागा भरून काढतो. त्यामुळे माणसे बदलली तरी रचना अभंग राहते. चेंडू गमावताच मागे पळून बचाव करायचा नाही. जवळचे खेळाडू एकदम प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडतात आणि चेंडू परत मिळवतात. बचावफळी पुढे सरकून उभी राहते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला खेळायला अपुरी जागा मिळते आणि त्याचे आघाडीपटू ऑफसाइडच्या सापळ्यात अडकतात. चेंडू आपल्याकडे असताना मैदान रुंद करायचे आणि तो नसताना अरुंद करायचे, असे हे जागेचे गणित होते.

पाहणाऱ्याला हा खेळ उत्स्फूर्त वाटे. प्रत्यक्षात मात्र त्यात प्रत्येकाला इतर दहा जणांचे काम ठाऊक असावे लागे आणि नव्वद मिनिटे धावण्याची ताकदही लागे. एकानेही जागा भरून काढण्यात आळस केला, तर सगळी रचना कोसळे. म्हणूनच मिखेल्स यांच्या लेखी शिस्त हा स्वातंत्र्याचा आधार होता. उच्च दर्जाचा व्यावसायिक फुटबॉल हा युद्धासारखा असतो आणि तेथे फार सभ्यपणे वागणारा हरतो, या आशयाचे त्यांचे विधान पुढे जगभर गाजले. आपले म्हणणे संदर्भ सोडून वापरले गेले, अशी त्यांची तक्रार होती. तरीही या विधानामुळे त्यांची करड्या सेनापतीची प्रतिमा कायमची पक्की झाली. मैदानाबाहेर भेटणाऱ्यांना मात्र मिश्किल बोलणारा आणि गाण्याची हौस असलेला माणूस दिसे.

१९७१ मध्ये मिखेल्स बार्सिलोनाला गेले. त्यांच्यामागे आयाक्सने रुमानियाचे श्टेफान कोवाच यांच्या मार्गदर्शनाखाली १९७२ आणि १९७३ असे आणखी दोन युरोपियन चषक जिंकले. कोवाच यांनी खेळाडूंना अधिक मोकळीक दिली आणि संघाचा खेळ आणखी बहरला. पाया मात्र मिखेल्स यांनीच घातला होता. बार्सिलोनात त्यांना सुरुवातीला यश मिळाले नाही. १९७३ मध्ये क्रायफ त्या काळी विक्रमी ठरलेल्या रकमेवर तेथे आला आणि चित्र पालटले. १७ फेब्रुवारी १९७४ रोजी बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ५-० असे हरवले आणि त्या हंगामात १९६० नंतरचे पहिले साखळी विजेतेपद पटकावले. फ्रँको यांच्या राजवटीत दबलेल्या कातालोनियात त्या विजयाला केवळ खेळापुरता अर्थ उरला नाही.

त्याच वर्षी डच संघटनेने विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघाची सूत्रे मिखेल्स यांच्याकडे सोपवली. नेदरलँड्स १९३८ नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला होता. पात्रता मिळवून देणारे चेकोस्लोव्हाकियाचे फ्रांतिशेक फाद्रोंक त्यांचे सहायक म्हणून राहिले. मिखेल्स यांच्याकडे बार्सिलोनाची जबाबदारीही कायम होती. वेळ थोडा होता आणि खेळाडू परस्परांशी वैर असलेल्या क्लबांचे होते. मुख्य मध्य बचावपटू बॅरी हुल्सहॉफ जखमी असल्याने मिखेल्स यांनी आरी हान या मध्यरक्षकाला बचावाच्या मध्यभागी उभे केले. गोलरक्षक म्हणून तेहतीस वर्षांच्या यान योंगब्लूडची निवड केली. तो गोलपोस्ट सोडून बराच पुढे येई आणि पायाने चेंडू चांगला खेळे. पुढे सरकलेल्या बचावफळीच्या मागची मोकळी जागा सांभाळायला असाच गोलरक्षक हवा होता.

पश्चिम जर्मनीतील त्या स्पर्धेत नारिंगी पोशाखातील संघाने जगाला थक्क केले. उरुग्वे २-०, बल्गेरिया ४-१, अर्जेंटिना ४-०, पूर्व जर्मनी २-० आणि गतविजेता ब्राझील २-० असे एकामागून एक संघ हरले. केवळ स्वीडनने गोलशून्य बरोबरी साधली. अंतिम सामन्यापूर्वी डच संघाने चौदा गोल केले होते आणि त्याच्यावर झालेला एकमेव गोल हा स्वयंगोल होता.

७ जुलै १९७४ रोजी म्युनिकमध्ये यजमान पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्याची सुरुवात स्वप्नवत झाली. क्रायफला पेनल्टी क्षेत्रात पाडले गेले आणि नीस्केन्सने दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. तोवर एकाही जर्मन खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला नव्हता. त्यानंतर डच खेळाडू दुसऱ्या गोलामागे लागण्याऐवजी चेंडू आपसांत फिरवत राहिले. जर्मन संघ सावरला. पॉल ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि गेर्ड म्युलरने विश्रांतीपूर्वी दुसरा गोल केला. बेर्टी फोग्ट्सने क्रायफला जखडून ठेवले. विश्रांतीच्या वेळी पंचांशी वाद घातल्याबद्दल क्रायफला पिवळे कार्ड दिसले. उत्तरार्धात डच संघाने हल्ल्यांमागून हल्ले केले, पण सामना २-१ असाच संपला. युद्धातील ताब्याच्या आठवणी ताज्या असलेल्या पिढीला जर्मनीकडून झालेला हा पराभव फार जिव्हारी लागला. ज्या शिस्तीवर मिखेल्स यांनी सारे उभारले होते, तीच पहिल्या गोलानंतर सैल पडली होती.

पुढील दशक भटकंतीचे होते. एका हंगामासाठी आयाक्स, पुन्हा बार्सिलोना आणि तेथे १९७८ चा स्पॅनिश चषक, नंतर अमेरिकेतील लॉस एंजेलिस अॅझ्टेक्स आणि १९८० पासून जर्मनीतील एफसी कोलोन असा त्यांचा प्रवास झाला. कोलोनने त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ चा जर्मन चषक जिंकला. १९८४ नंतर ते पुन्हा राष्ट्रीय संघाकडे वळले. मध्यंतरी हृदयविकाराने त्यांना थांबायला लावले. त्या काळात संघ लिओ बेनहाकर यांच्याकडे होता. १९८६ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या मिखेल्स यांनी पुन्हा सूत्रे हाती घेतली.

आता त्यांच्याकडे रुड गुलिट, मार्को व्हॅन बास्टेन, फ्रँक रायकार्ड आणि रोनाल्ड कूमन अशी नवी पिढी होती. मिखेल्सही काहीसे बदलले होते. जुन्या शैलीचा हट्ट न धरता त्यांनी दोन आघाडीपटूंची सुटसुटीत रचना निवडली. जर्मनीतील १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघाने त्यांना १-० असे हरवले. त्या सामन्यात राखीव असलेल्या व्हॅन बास्टेनला मिखेल्स यांनी पुढच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळवले. त्याने इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले आणि नेदरलँड्स ३-१ असा जिंकला. आयर्लंडविरुद्ध बरोबरीही पुरेशी नव्हती. ८२व्या मिनिटाला विम कीफ्टने हेडरवर गोल केला आणि संघ वाचला.

हॅम्बर्गमधील उपांत्य सामन्यात समोर पुन्हा यजमान पश्चिम जर्मनी होता. या वेळी जर्मनीने आघाडी घेतली, कूमनने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि सामना संपायला दोन मिनिटे उरली असताना व्हॅन बास्टेनने विजयी गोल केला. नेदरलँड्सच्या रस्त्यांवर जनसागर लोटला. चौदा वर्षांपूर्वीची सल त्या रात्री बोथट झाली. २५ जून १९८८ रोजी अंतिम सामना म्युनिकच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियमवर झाला. गुलिटच्या हेडरनंतर व्हॅन बास्टेनने उजव्या बाजूच्या अगदी अरुंद कोनातून हवेतल्या चेंडूवर जो फटका मारला, तो फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोलांपैकी एक गणला जातो. नेहमी निर्विकार राहणाऱ्या मिखेल्स यांनी तो पाहून अविश्वासाने चेहऱ्यावर हात ठेवला. सोव्हिएत संघाची पेनल्टी हान्स व्हॅन ब्रूकेलेनने अडवली आणि नेदरलँड्सने २-० असा विजय मिळवला. डच पुरुष संघाचे हे आजवरचे एकमेव मोठे विजेतेपद आहे. खेळाडू म्हणून देशाकडून पाचही सामने हरलेल्या माणसाने देशाला ते मिळवून दिले.

विजयानंतरची वर्षे सुखाची नव्हती. १९९० च्या विश्वचषकापूर्वी संघातील प्रमुख खेळाडूंना क्रायफ प्रशिक्षक म्हणून हवा होता. संघटनेच्या वतीने निर्णयात सहभागी असलेल्या मिखेल्स यांनी बेनहाकर यांना पसंती दिली. नाराज संघ त्या स्पर्धेत एकही सामना जिंकू शकला नाही आणि दुसऱ्या फेरीत पश्चिम जर्मनीकडून पराभूत झाला. गुरू-शिष्यांच्या नात्यात या प्रसंगाने कटुता आली. जो अधिकार मैदानावर यश देत होता, तोच येथे दुराव्याचे कारण ठरला. त्यानंतर मिखेल्स यांनी राष्ट्रीय संघ पुन्हा स्वीकारला. १९९२ च्या युरोपीय स्पर्धेत त्यांच्या संघाने जर्मनीला ३-१ असे हरवले, पण उपांत्य फेरीत डेन्मार्कने पेनल्टी शूटआउटमध्ये बाजी मारली. व्हॅन बास्टेनची पेनल्टी अडवली गेली आणि मिखेल्स यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द तेथेच संपली.

हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर ३ मार्च २००५ रोजी बेल्जियममधील आल्स्ट येथील रुग्णालयात, वयाच्या ७७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नेदरलँड्समध्ये प्रशिक्षकांना दिला जाणारा पुरस्कार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. क्रायफने प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनात तीच तत्त्वे रुजवली आणि त्याच्या हाताखाली खेळलेल्या पेप गार्डिओलाने ती पुढच्या पिढीकडे नेली. चेंडू गमावताच त्याच्यावर तुटून पडणारे संघ, पायाने खेळ उभारणारे गोलरक्षक आणि आक्रमणात उतरणारे बचावपटू आज कोणत्याही मोठ्या साखळीत दिसतात. हे सारे कधीकाळी नवे होते, याचाही आता बहुतेकांना विसर पडला आहे.